इजिप्तच्या गेममध्ये दर सीनला एकच वस्तू उरते? आधी कारण शोधा

लपलेल्या वस्तू शोधण्याच्या गेममध्ये, त्यातही प्राचीन इजिप्तवरच्या गेममध्ये, एक तक्रार पुन्हा पुन्हा येते. यादी भराभर रिकामी होते, शेवटचं एक नाव उरतं आणि तिथेच घोडं अडतं. हिंट वापरली की तो सीन सुटतो, पण पुढच्या थडग्यात पुन्हा तेच. हिंट भरून येईपर्यंत थांबायचं, वापरायची, पुन्हा थांबायचं. इतक्या सुंदर चित्रांच्या गेममधली सगळी मजाच यात निघून जाते.

हे दर सीनला होत असेल तर त्यामागे बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं. क्लिक भलत्याच जागी पडतंय, चित्र नीट दिसत नाही, किंवा डोळ्यांसमोर असलेली वस्तू ओळखता येत नाही. तिन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. 'शांतपणे बघा, कोपरे तपासा' हा सल्ला सगळे देतात, पण क्लिकच सरकत असेल तर कोपरे कितीही तपासले तरी हाती काही लागणार नाही.

कारण ठरवायला हिंटचाच उपयोग करा. हिंटची चमक जिथे दिसते तिथे लगेच क्लिक करू नका, आधी ती वस्तू निरखून बघा. 'ही तर मघाशीच दाबून पाहिली होती' असं वाटलं तर गडबड क्लिकची. 'इथे काही होतं हेच दिसलं नव्हतं' असं वाटलं तर स्क्रीनची. आणि 'दिसत होती, पण ही तीच वस्तू हे माहीत नव्हतं' असं असेल तर सरळ वस्तूंच्या भागाकडे जा. माझ्या मते इजिप्तच्या गेममध्ये हे तिसरं कारणच सर्वांत जास्त आढळतं आणि त्याच्यावर सर्वांत कमी बोललं जातं.

क्लिक सरकत असेल तर

सीनच्या डाव्या वरच्या कोपऱ्याजवळची, यादीतली एखादी वस्तू क्लिक करून बघा आणि मग उजव्या खालच्या कोपऱ्याजवळची. वर डावीकडे क्लिक अचूक लागतं आणि खाली उजवीकडे जाल तसं अधिकाधिक चुकतं, असं दिसलं तर दोष विंडोजच्या स्केलिंगचा आहे. लॅपटॉपवर अक्षरं बारीक दिसू नयेत म्हणून विंडोज १२५ किंवा १५० टक्के स्केल लावून ठेवतं. १९२० बाय १०८० ची स्क्रीन १२५ टक्क्यांवर असली की जुन्या गेमला ती १५३६ बाय ८६४ ची आहे असं भासवलं जातं. मग चित्र एका मापाने काढलं जातं आणि कर्सरची जागा दुसऱ्या मापाने मोजली जाते. मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू होते, म्हणून त्या कोपऱ्यापासून जितकं लांब जाल तितका फरक वाढतो.

उपाय असा. गेमच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा, त्यात कंपॅटिबिलिटी. तिथल्या 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' बटणावर क्लिक करा. उघडलेल्या खिडकीत तळाशी 'ओव्हरराइड हाय डीपीआय स्केलिंग बिहेवियर' असं असतं, त्यावर खूण करा आणि त्याखालच्या यादीतून 'ॲप्लिकेशन' निवडा. ओके, मग ॲप्लाय. गेम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. इतकं करूनही फरक पडला नाही तर एक गोष्ट तपासा: डेस्कटॉपवरचा आयकॉन पुष्कळदा नुसत्या लाँचरचा, म्हणजे गेम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा असतो. सेटिंग गेमच्या मूळ एक्झी फाइलला लावावं लागतं, ती गेमच्या फोल्डरमध्ये सापडेल. आणि या भानगडीत पडायचंच नसेल तर खेळण्यापुरतं डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन स्केल १०० टक्के करा, खेळून झालं की पूर्ववत.

धडाधड क्लिक करत सुटू नका. बऱ्याच गेममध्ये लागोपाठ चुकीचे क्लिक झाले की कर्सर गरगर फिरतो आणि काही सेकंद गेम क्लिक घेतच नाही. नेमक्या त्या वेळात बरोबर वस्तूवर केलेलं क्लिकही वाया जातं, आणि 'इथे तर बघून झालं' म्हणून माणूस ती जागा कायमची सोडून देतो.

चित्र ताणलेलं किंवा अंधारं असेल तर

या प्रकारचे जुने गेम ८०० बाय ६०० किंवा १०२४ बाय ७६८ साठी बनवलेले आहेत, म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण ४:३. आजची स्क्रीन १६:९ असते. फुल स्क्रीनवर गेम कडेपर्यंत पसरला असेल तर प्रत्येक वस्तू आडवी तिसऱ्या हिश्श्याने फुगलेली आहे. सीनमध्ये सूर्याची तबकडी शोधा. देवांच्या डोक्यावर ती हमखास असते. ती गोल असायला हवी, लंबगोल दिसली तर चित्र ताणलंय. पिरॅमिडवर मात्र भरवसा ठेवू नका. गिझाच्या खुफूच्या पिरॅमिडचा उतार सुमारे ५२ अंशांचा आहे. ताणलेल्या चित्रात तो ४४ अंशांच्या आसपास येतो, आणि दाहशूरचा लाल पिरॅमिड खरोखरच सुमारे ४३ अंशांचा आहे! त्यामुळे ताणलेला पिरॅमिडही खराच वाटतो.

ताणलेल्या चित्रात बारीक, उभ्या वस्तू ओळखू येत नाहीत. राजदंड जाडजूड होतो, पीस पानासारखं दिसतं. ग्राफिक्स कार्डच्या कंट्रोल पॅनेलमध्ये स्केलिंगचा भाग असतो, तिथे 'आस्पेक्ट रेशो' जपणारा पर्याय निवडा. १९२० बाय १०८० च्या स्क्रीनवर मग चित्र १४४० पिक्सेल रुंद राहतं आणि दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात. पट्ट्या राहू द्यात. काही गेममध्ये त्यांच्याच सेटिंगमध्ये 'वाइडस्क्रीन' नावाची सोय असते. ती काही वेळा पट्ट्या घालते आणि काही वेळा चित्र ताणते, तेव्हा तबकडीची चाचणी पुन्हा करून बघा.

अंधाराचं प्रकरण जास्त त्रासाचं. थडग्याच्या सीनमध्ये मशालीचा पिवळा उजेड, वाळूच्या रंगाच्या भिंती आणि त्यांच्यावर सोन्याच्या वस्तू. चित्रकाराने मुद्दामच रंगांत रंग मिसळलेले असतात. त्यात विंडोजचं नाइट लाइट चालू असेल तर निळा रंग कमी होतो आणि सोनं, वाळू, लाकूड, पपायरस सगळं एकाच तपकिरी छटेचं होऊन बसतं. नाइट लाइट बंद करा. लॅपटॉप बॅटरीवर असेल तर चार्जर लावा, कारण बॅटरी वाचवायला काही लॅपटॉप पडद्यावरचं चित्र बघून उजेड आपोआप कमी-जास्त करतात आणि अंधाऱ्या सीनमध्ये नेमकं हेच होतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये ब्राइटनेसच्या खाली ही सोय बंद करता येते. स्वस्तातल्या पॅनेलवर झाकण थोडं पुढेमागे कललं तरी काळ्या छटा बदलतात, तेही करून बघा.

एवढं करूनही काळ्या कोपऱ्यातलं काही दिसत नसेल तर एक युक्ती आहे, आणि ती मला फार आवडते. गेम खिडकीत आणा (बऱ्याच गेममध्ये ऑल्ट धरून एंटर दाबलं की होतं). मग विंडोज की आणि अधिकचं चिन्ह दाबून मॅग्निफायर उघडा आणि कंट्रोल, ऑल्ट व आय एकत्र दाबा. सगळे रंग उलटे होतात. कोल्ह्याच्या डोक्याच्या काळ्या अनुबिस देवाच्या अंगावर बसलेला काळा भुंगेरा, जो एरवी कधीच दिसला नसता, पांढऱ्यावर फिकट राखाडी होऊन वर येतो. काम झालं की विंडोज की आणि एस्केप दाबून मॅग्निफायर बंद करा.

वस्तू समोर आहे, पण ओळखू येत नाही

यादीत 'सिस्ट्रम' लिहिलेलं असतं आणि आपण काय शोधतोय हेच ठाऊक नसतं. नाव वाचून मनात चित्र उभं राहिलं नाही तर डोळा ती वस्तू टाळून पुढे जातो. म्हणून ज्या वस्तू या गेममध्ये वारंवार येतात त्या कशा दिसतात आणि कुठे लपवतात, ते एकदा नीट समजून घ्या.

अंख सगळ्यांना माहीत असतो: वर कडं असलेला क्रूस. पण देवाच्या मूर्तीच्या हातात तो कड्यात बोटं अडकवून धरलेला असतो. त्यामुळे कडं मुठीत झाकलं जातं आणि खाली फक्त क्रूसाचा दांडा लोंबताना दिसतो. अंख सापडत नसेल तर आधी उभ्या असलेल्या प्रत्येक देवाच्या मुठी बघा. सिस्ट्रम लांबून अंखासारखंच दिसतं. ते हाथोर देवीच्या पूजेतलं वाजवायचं वाद्य: खाली मूठ, वर कमान, आणि कमानीतून आडव्या गेलेल्या सळ्या. मुठीच्या वर बहुधा गाईचे कान असलेला देवीचा चेहरा असतो. आडव्या सळ्या दिसल्या की सिस्ट्रम, कड्याच्या आत रिकामं असलं की अंख.

कनोपिक जार म्हणजे ममी बनवताना काढलेले अवयव ठेवायच्या बरण्या. चार असतात आणि झाकणांवर होरस देवाच्या चार पुत्रांची डोकी: इमसेती माणसाच्या डोक्याचा, यकृत राखणारा, हापी बबून माकडाच्या डोक्याचा, फुप्फुसांसाठी, दुआमुतेफ कोल्ह्याच्या डोक्याचा, जठरासाठी, केबेहसेनुएफ ससाण्याच्या डोक्याचा, आतड्यांसाठी. तीन सापडतात आणि चौथी सापडत नाही, हे इतकं सर्रास होतं! उरलेली बहुधा माणसाच्या डोक्याची असते, कारण ती पुतळ्यांच्या रांगेत मिसळून जाते. शिवाय काही गेममध्ये चारही झाकणं माणसाच्या चेहऱ्याची असतात. ती चित्रकाराची चूक नाही. जुन्या काळी तसंही करत, तुतनखामनच्या संगमरवरासारख्या पांढऱ्या पेटीतली चारही झाकणं राजाच्याच चेहऱ्याची आहेत.

वक्र टोकाची काठी आणि तीन मणीदार सरांचा चाबूक, ही राजाची दोन चिन्हं सुटी ठेवलेली क्वचितच असतात. शवपेटीवरच्या राजाच्या छातीवर, दुमडलेल्या दोन्ही हातांत बघा. नाग हवा असेल तर जमिनीवर शोधण्याआधी राजाच्या कपाळाकडे जा. तुतनखामनच्या मुखवट्यावर नागाशेजारी गिधाडाचं डोकंही आहे, म्हणून यादीत गिधाड असलं तरी तीच जागा तपासा. पीस असेल तर सत्याची देवी मात हिच्या डोक्यावर किंवा मृताचं हृदय तोलायच्या तराजूत, हृदयाच्या समोरच्या पारड्यात.

मुकुटांचा घोळ होतो. वरच्या इजिप्तचा, म्हणजे दक्षिणेचा मुकुट पांढरा, उंच, टोकाला गोलसर. खालच्या म्हणजे उत्तरेच्या इजिप्तचा लाल, सपाट माथ्याचा, मागची बाजू उंच उठलेली आणि पुढे एक गुंडाळलेली बारीक तार. दोन्ही एकत्र बसवले की दुहेरी मुकुट. यादीत नुसतं 'मुकुट' असेल तर यापैकी कुठलाही असू शकतो, आणि पट्ट्यापट्ट्यांचं जे शिरोवस्त्र आपण राजाच्या डोक्यावर नेहमी बघतो ते मात्र यात धरलेलं नसतं, त्याचं नाव नेमेस.

काही वस्तू अशा आहेत की समोर असूनही त्यांच्याकडे कुणी बघत नाही. झोपताना डोक्याखाली घ्यायचा टेकू: लाकडी दांड्यावर चंद्रकोरीसारखा वाकलेला भाग. सगळे त्याला स्टूल समजतात. लेखनिकाची पाटी: लांब, अरुंद लाकडी पट्टी, एका टोकाला काळ्या आणि लाल शाईसाठी दोन गोल खळगे. ही फळ्यांच्या ढिगात किंवा चौकटीला समांतर टेकवून ठेवतात आणि ती हमखास सुटते. शाब्ती: हातभर किंवा त्याहून लहान, निळी-हिरवी, ममीच्या आकाराची बाहुली, परलोकात मृताच्या वाटची कामं करायला पुरलेली. तुतनखामनच्या थडग्यात अशा ४१३ होत्या, त्यामुळे 'अमुक इतक्या शाब्ती शोधा' असं आलं तर दचकू नका. आणि सेनेत हा पटाचा खेळ, तीन ओळींत दहा-दहा मिळून ३० घरांचा. तो उभा टेकवला की जाळीच्या खिडकीसारखा दिसतो.

पुष्कळ गेमची गोष्ट उत्खननाच्या काळात घडते, म्हणून त्याच सीनमध्ये कंदील, ब्रश, तिपाईवरचा कॅमेरा, खिशातलं घड्याळही असतं. यादीत अशी वस्तू असेल तर ती भिंतीवरच्या चित्रलिपीत रेषेने कोरलेली असण्याची शक्यता धरा. ही लपवण्याची आवडती जागा आहे.

तरीही सापडत नसेल तेव्हा

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरच्या माणसांना तुतनखामनच्या थडग्याची पहिली पायरी ४ नोव्हेंबर १९२२ रोजी दिसली. पुढे जी बाहेरची खोली उघडली तिच्यात सोनेरी प्राण्यांच्या आकाराचे पलंग, सुटे केलेले रथ, पलंगाखाली रचलेल्या अन्नाच्या पांढऱ्या पेट्या, सगळं एकावर एक रचलेलं होतं. प्राचीन काळीच चोर आत शिरून गेले होते आणि नंतर अधिकाऱ्यांनी घाईत सामान आवरून ठेवलं होतं. गेममधले कित्येक सीन मला याच खोलीवरून बेतल्यासारखे वाटतात. सगळ्या थडग्यात मिळून पाच हजारांहून अधिक वस्तू होत्या आणि त्या बाहेर काढायला सुमारे १० वर्षं लागली. कार्टरने प्रत्येक वस्तूला क्रमांक दिला, फोटोग्राफर हॅरी बर्टनने क्रमांकाच्या पाट्या जागेवर ठेवून फोटो काढले, मगच वस्तू हलवली.

यातून घ्यायचं ते हे: सीनभर नजर फिरवू नका. मनात उभ्या चार आणि आडव्या तीन पट्ट्या पाडा, एका चौकोनात जे जे आहे त्याचं नाव मनात घ्या आणि मगच पुढच्या चौकोनात जा. 'खांब, दोरी, मडकं, पीस, वाळू.' नाव घेताना जिथे अडखळाल, म्हणजे 'हे काय आहे बरं' असं वाटेल, तिथे थांबा. शेवटची वस्तू जवळजवळ नेहमी अशाच ठिकाणी असते.

यादीतलं नाव वेगळ्या रंगात लिहिलं असेल तर ती वस्तू अजून सीनमध्ये नाहीच. पेटी उघडायची, दिवा लावायचा किंवा दोन तुकडे जोडायचे, मग ती दिसते. कर्सर पेट्यांवर आणि पडद्यांवर नेऊन त्याचा आकार बदलतो का ते बघा.

वस्तू सापडूनही दार उघडत नसेल आणि दारावर चित्रलिपीतले आकडे असतील तर हे लक्षात ठेवा: उभी रेघ १, उलट्या नालासारखी कमान १०, दोरीचं वेटोळं १००, कमळ १०००. आणि ओळ कुठून वाचायची ते माणसांच्या व प्राण्यांच्या तोंडांवरून कळतं. त्यांची तोंडं ज्या बाजूला आहेत, तिथून वाचायला सुरुवात करायची. दिशांचं कोडं असेल तर इमसेती दक्षिण, हापी उत्तर, दुआमुतेफ पूर्व, केबेहसेनुएफ पश्चिम. गेम बनवणारे कधी कधी स्वतःचे नियम घालतात, पण सुरुवात इथून करावी.

क्वचित दोष खरंच गेमचा असतो. सीन अर्धवट सोडून गेम बंद केला असेल तर पुन्हा उघडल्यावर एखादी वस्तू चित्रात येतच नाही आणि हिंटही रिकाम्या जागेवर चमकते. मुख्य मेनूवर जा, सीनमध्ये परत या. बहुतेक वेळा यादी नव्याने बनते.

आणि सेव्ह गायब झालं तर

वरचे उपाय करताना काही जण गेम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने चालवतात आणि बघतात तर काय, आतापर्यंतचा सगळा खेळ पुसला गेलेला. घाबरू नका, तो बहुधा पुसलेला नसतो. जुने गेम आपलं सेव्ह प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहू बघतात. व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज त्यांना तिथे लिहू देत नाही, गुपचूप ते यूजर्समधल्या तुमच्या नावाच्या फोल्डरात, ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या वाटेने ठेवतं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवला की गेम खऱ्या फोल्डरात बघतो, आणि तिथे तर काहीच नसतं. पुन्हा साध्या पद्धतीने चालवा, प्रोफाइल परत दिसेल. ॲपडेटा फोल्डर दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये लपवलेल्या फाइल्स दाखवण्याची खूण करा.

गेम काढून पुन्हा टाकायचा विचार असेल तर आधी व्हर्च्युअलस्टोअरमधलं गेमच्या नावाचं फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. तिथे नसेल तर डॉक्युमेंट्स आणि ॲपडेटामधल्या रोमिंगमध्ये बघा. कॉपी हाती असल्याशिवाय अनइन्स्टॉलला हात लावू नका.